वायरची कटकट

"मावशी, पळायला जाताना वायरची कटकट कशाला?" दुकानदाराने अंगठ्याएवढा, बिनवायरीचा म्युझिक प्लेअर पुढे सरकवला. "गेल्या महिन्यात काकांनी हाच पसंत केला होता की!"

"वायरवालाच दाखवा." ती हटूनच बसली. "एक टोक यांच्या कानात, एक माझ्या. हे जरा मागे पडले की माझा कान ओढला जायचा. मग मी यांच्यावर खेकसायचे."

"म्हणून तर!" दुकानदार हसला. "काका म्हणाले होते, हिच्या कानाची एकदाची सुटका करतो."

"झाली ना सुटका." तिने नकळत कानाची पाळी चोळली. "हे मागे कोसळले, आणि मी गाणं ऐकत अख्खी फेरी पुढे पळत राहिले."