लोकरीची फुलं

बाळंतपणानंतर माझं कशातच मन लागेना. सासूबाईंनी क्रोशाची सुई आणि लोकर आणून दिली. मग मी नुसती फुलंच विणत राहिले. खिडकीला फुलं, पडद्यांना फुलं, पाळण्यालाही फुलं.

"वहिनी, आता घरात भुंगे यायचे तेवढे राहिलेत!" नणंद म्हणाली. सगळे हसले. मीही हसले, सगळे हसत होते म्हणून.

तपासणीच्या दिवशी नवऱ्याने कौतुकाने डॉक्टरीणबाईंपुढे मोबाईल धरला. "आता अगदी बरी आहे हो ही. घराची नुसती बाग करून टाकलीये!"

त्या एकेक फोटो सरकवत गेल्या आणि माझ्याकडे वळल्या.



"फुलं सुरेख आहेत गं. पण बाळ प्रत्येक फोटोत दुसऱ्याच कुणाकडे का?"