गुंडरचं दुपटं

मारिटने बेकनचं पाकीट उघडलं आणि तसंच परत फ्रीजमध्ये ठेवलं. तिचा नवरा एलिस बजावून गेला होता: आज तळण नको, चुलीचा धूर नको, दोरीवर कपडे नकोत. आणि जमलं तर टिलीचा आवाज नको. टिली, त्यांची सात महिन्यांची मुलगी, मारिटच्या खांद्यावर पडून दातांच्या नावाने अख्ख्या विस्कॉन्सिनला ऐकू जाईल असं रडत होती.

हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस. चांगलं उजाडलं होतं. खिडकीतून त्यांची सगळी जमीन दिसत होती, होतीच तेवढी. पार टोकाला सलगमाचा हिरवा पट्टा, एलिसने खास हरणांसाठी पेरलेला. कडेला सफरचंदाची रोपं, हरणांना आडोसा म्हणून पाडून ठेवलेली झाडं, आणि शिकाऱ्याला बसायला एक लाकडी खोपी. खोपी जमिनीवरच, कारण मारिटचे सासरे गुंडर यांचा खुबा यंदा बदलला होता. झाडावरचं मचाण बंद. चुलतभावांच्या मोठ्या रानात चालत जाणं बंद.

"तुझ्या त्या रुमालाएवढ्या जमिनीत हरीण आलं तर बघू," ते मुलाला म्हणाले होते. "नाहीतर बंदूक कपाटात जाते. कायमची."

तेव्हापासून मारिट त्यांच्या ताटावर लक्ष ठेवून होती. ते कमी जेवत होते.

दार उघडलं. नारिंगी जाकिटं घातलेले बापलेक आत आले, नाकं लाल.

"काही दिसलं, बाबा?"

"एक खार. तिनेही ओळख दाखवली नाही."

"वारा फिरला असणार," एलिस म्हणाला. "काल संध्याकाळी मी जाऊन पाहिलं, तेव्हा सगळं ठीक होतं."

"आणि परवा?"

"परवाही गेलो होतो. येतात की नाही ते बघायला नको?"

"म्हणजे रोज!" गुंडर खो खो हसले. "अरे लेका, पाहुण्यांना जेवायला बोलावतोस आणि रोज ताटात नाक घालून येतोस. कोण बसेल जेवायला?"

एलिसही कसाबसा हसला. गुंडर खुर्चीत बसले. बंदुकीतली काडतुसं त्यांनी दाराबाहेरच काढली होती. आता ती खिशातून काढून ते एकेक करून डबीत लावू लागले. मोसम संपल्यावर लावतात तशी. एलिसचं लक्ष नव्हतं. मारिटने पाहिलं.

टिलीने पुन्हा सूर लावला. मारिटने रोज सकाळी करायची तेच केलं. तिला दुपट्यात गुंडाळलं, कोणा शिकाऱ्याने हरीण समजू नये म्हणून दोघींच्या डोक्यावर नारिंगी टोप्या चढवल्या आणि मागच्या पायऱ्या उतरून कोबीच्या वाफ्याकडे गेली. गड्डे कधीच काढून झाले होते. खाली राहिलेल्या बुंध्यांना बारीक पानं फुटली होती. एकच अंगाई गुणगुणत ती हळूहळू वाफ्याच्या टोकापर्यंत गेली. टिली शांत झाली. मारिट वळली.

पाठीमागे झुडपातून दोन माद्या बाहेर आल्या. मग एक शिंगाळा नर. खाली माना घालून तिघेही कोबी खाऊ लागले. मारिटने गाणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर टिली उठली असती.

ती दारात पोचली तेव्हा काचेला दोन नाकं चिकटली होती.

"हे कधीपासून?" एलिस कुजबुजला.

"हिला दात यायला लागल्यापासून. मी म्हटलं नव्हतं, कोबी कोणीतरी खातंय?"

"मला वाटलं ससे!"

"तूच ठरवलंस ससे."

गुंडरचा हात बंदुकीकडे गेला.

"इथून नको, बाबा. हरणांच्या मागे शेजाऱ्यांचा गोठा आहे."

"माहीत आहे गं. खुबा नवीन असला तरी डोकं जुनंच आहे."

हरणं सावकाश टेकडीखालच्या झुडपात शिरली. गुंडर बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या जाकिटाची बाही हुंगली.

"हे कशात धुतलंस रे?"

"बिनवासाच्या साबणात. मग पाइनच्या पानांत ठेवलं," एलिस अभिमानाने म्हणाला.

"तरीच. या बिचाऱ्यांनी बिनवासाचा माणूस जन्मात पाहिलेला नाही."

त्यांनी टिलीभोवतीचं दुपटं सोडवून घेतलं. त्यावर सकाळचं ओकलेलं दूध होतं. जाकिटावरून ते गळ्यात बांधलं आणि डबीतली काडतुसं परत खिशात टाकली.

"पोरी, ते गाणं कसं आहे तुझं?"

मारिटने गाऊन दाखवलं. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

"टेकडीकडेच तोंड करून बसाल ना?"

"टेकडीकडेच."

ते बंदूक खांद्याला अडकवून, काठी टेकत, लंगडत, बेसूर गुणगुणत कोबीच्या वाफ्यावरून गेले आणि सरपणाच्या ढिगावर घराकडे पाठ करून बसले. मारिट टिलीला घेऊन पुढच्या खोलीत गेली, सर्वांत जाड भिंतीशी. गाण्याचा सूर तिथवर येत होता. दुसऱ्या ओळीत चुकत होता, दर वेळी तिथेच.

मग गाणं थांबलं.

एकच बार झाला. टिलीने डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि परत मिटले.

मारिट स्वयंपाकघरात आली. बाहेर गुंडर उभे राहून डोक्यावर दुपटं फिरवत होते, काठीबिठी विसरून. तिने बेकनचं पाकीट बाहेर काढलं.

एलिस मात्र खिडकीतून आपल्या सलगमाच्या हिरव्यागार पट्ट्याकडे बघत होता.

"मारिट," तो हळूच म्हणाला, "अजून एखादं दुपटं आहे? न धुतलेलं?"