एक काना

छापखान्यात पुस्तकांतल्या चुका काढण्यात जन्म गेल्यामुळे मुद्रितशोधकांना चूक कानावर पडली की गप्प बसवत नसे. बायको इस्पितळातून निवृत्त झाली. निरोप समारंभात ती गहिवरून म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी माझी खूप मदत केली." तोच पहिल्या रांगेतून यांचा खणखणीत आवाज आला, "माझी नाही, मला." सगळं सभागृह हसलं. ती मात्र तिथून परस्पर भावाच्या घरी निघून गेली.

चार दिवस स्वतःच्या हातचं करपलेलं खाल्ल्यावर मुद्रितशोधक नाक मुठीत धरून तिला आणायला गेले. पण माफी मागायला काही ते तयार होईनात.

"पुन्हा असं करणार नाही, एवढंच म्हणा की भाऊजी," मेव्हणा काकुळतीला येऊन म्हणाला.

मुद्रितशोधक छताकडे बघत राहिले. चूक तर तिचीच होती.

"राहू दे दादा," बायको उठत म्हणाली. "हा माणूस काही सुधरणार नाही."

"सुधारणार," ते बोलून गेले.

"झालं तर मग, शब्द दिला त्यांनी," म्हणत मेव्हण्याने त्यांचा हात घट्ट धरला. बायको आतून बॅग घेऊन आली. ती भरलेलीच होती.

घरी परतताना बसमध्ये त्यांना आठवलं, हा शब्द त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी दुरुस्त करून दिला होता.



त्यानंतर बायको तो एकदाही चुकली नव्हती.