अस्सल हात

“आजच्या दिवस बाहेर येऊ नकोस हं,” नवरा कांद्याच्या पोत्याकडे बघत म्हणाला. बायकोच्या तोंडाकडे बघायची छाती नव्हती.

“का? मला काय रोग झालाय?”

“तसं नाही गं. तो खवय्या येतोय. त्याला आमच्या मुलखातलं अस्सल हवंय. तू पडलीस इथली. कॅमेऱ्यात दिसलीस तर म्हणेल, हे कसलं अस्सल? आईला पुढे बसवतो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

सुनेनं सुरी आपटली. ही खानावळ सासऱ्यानं काढली, त्यानंच तिला रांधायला शिकवलं. वाटण करपलं की पळीचा फटका द्यायचा. तो गेल्यापासून इथला प्रत्येक रस्सा तिच्या हातचा. सासूचा जन्म शिलाई मशीनवर गेला. स्वयंपाकघरात ती यायची ती पाणी प्यायला. आणि आता म्हणे आई पुढे!

“मग आईंनाच रांधायला सांग की.”

“आता ऐन वेळी तमाशा नको. हात जोडतो.”

खवय्या म्हणजे बडं प्रस्थ. या अवाढव्य शहराचे गल्लीबोळ पालथे घालायचा आणि परमुलखातल्या लोकांच्या खानावळी हुडकून काढायचा. जागा स्वस्त हवी आणि अस्सलही हवी. त्यानं वाखाणलं की दारात रांग. समोरच्या चकचकीत हॉटेलानं निम्मं गिऱ्हाईक पळवल्यापासून नवरा त्याच्याकडे डोळे लावून बसला होता. तेवढ्यासाठी बायको पोत्यामागे लपवायची वेळ आली तरी त्याची ना नव्हती.

जेवणाच्या वेळेला खवय्या आला. बरोबर कॅमेरा धरलेली एक मुलगी. सासूला ट्रंकेतला जुना पोशाख घालून टेबलाशी बसवलं होतं. त्याला डांबरगोळ्यांचा भपकारा येत होता. हातात पळी दिली होती, ती तिनं कात्रीसारखी धरली होती. सून वाढायच्या खिडकीआडून बघत होती.

भात आणि रस्सा टेबलावर गेला. नवरा ताट पुढे सरकवणार तोच खवय्यानं हात वर केला.

“थांबा! तुमच्याकडे रीत आहे ना? जिनं रांधलं तिनं पाहुण्यासमोर आधी स्वतः एक घास खायचा. अस्सल जागी अजून पाळतात म्हणे.”

“पाळतो ना! म्हणजे काय, रोज!” नवरा म्हणाला.

रोज पाळत होतेच. रोज दुपारी सून पदराला हात पुसत बाहेर यायची, पहिल्या टेबलाशी उभ्या उभ्या एक घास खायची आणि मगच लोक जेवायला लागायचे. काही जुनी गिऱ्हाइकं तर तिच्या तोंडाकडे बघूनच सांगायची, आज तिखट जरा जास्त झालंय.

आज ताट सासूपुढे गेलं. सासूनं भात कालवला आणि खिडकीकडे बघितलं. हात तिथंच थांबला.

“खा ना, आई,” मुलगा दातांवर दात ठेवून पुटपुटला.

सासूनं मान खाली घातली आणि घास खाल्ला. तोंडचा घास काढून घेतात म्हणतात, तो असा. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

मग खवय्यानं चाखलं. डोळे मिटले. मान डोलावली. “अहाहा! मावशी, या शहरात मोठमोठे बल्लवाचार्य बघितले. सगळे शिकलेले. पण हे शिकून येत नाही हो. हे रक्तात असावं लागतं! आणि दर बघा, जवळजवळ फुकट!”

रक्तात? सुनेनं स्वतःच्या हाताकडे बघितलं. मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग तिच्या कातडीवर, आणि रक्त म्हणे यांचं! वा रे न्याय! तिनं एकेक करत सगळ्या शेगड्या बंद केल्या. झाकण इतक्या जोरात आदळलं की बाहेर कॅमेरा हलला. तोंडावर पाणी मारलं आणि ती सरळ बाहेर येऊन खवय्यासमोरच्या खुर्चीवर बसली.

“या कोण?” खवय्यानं विचारलं.

“गिऱ्हाईक,” ती म्हणाली. नवऱ्याचं उघडलेलं तोंड उघडंच राहिलं. “इथलीच आहे मी. परकी. मलाही अस्सल खायचंय. पण आधी करून ठेवलेलं नको. ताजं हवं, या मावशींच्या हातचं.”

“अगं, आत... म्हणजे बाई, तुम्ही नंतर या ना,” नवरा घामाघूम झाला.

“का? पैसे देणार आहे. भूक लागलीये मला. किती दिवसांची लागलीये ते विचारूच नका.”

खवय्याला हे भलतंच आवडलं. “झकास! चला मावशी, करून दाखवाच. करतानाचंच घेऊ. हेच तर बघायचंय लोकांना!”

“आत फार गर्दी आहे हो,” नवरा दार अडवत म्हणाला. “शिवाय आईचे गुडघे...”

“माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही,” सासू म्हणाली. ती उठली. सुनेसमोर क्षणभर थांबली. मग मुलाला पळीनंच बाजूला सारून ती आत गेली. तिच्यामागे खवय्या, त्याच्यामागे कॅमेरा.

सून जागची हलली नाही. नवरा तिच्याकडे बघत राहिला, हात जोडायचेही त्याला सुचेनात.

आतून सासूचा आवाज आला. अख्ख्या खानावळीला ऐकू जावा असा खणखणीत.

“अगं सूनबाई, ही शेगडी पेटवतात कशी?”