वीतभर पुढे

गणिताच्या अभ्याससहलीत वर्गाला रोलर कोस्टरचा वेग मोजायचा होता. त्यातल्या एका मुलीने लागोपाठ अकरा फेऱ्या मोजल्या. ब्रेक लागल्यावर गाडी दर फेरीला आधीपेक्षा वीतभर पुढे जाऊन थांबत होती.

वही घेऊन ती पार्कच्या मॅनेजरकडे धावली. "गाडी बंद करा! ब्रेक कमी पडतायत."

मॅनेजर हसला. "बाळ, सहलीला आलीयस ना? मग मजा कर."

तिने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. वहीत लिही, मार्क देतो."

"चुलीत गेले तुमचे मार्क!" ती ओरडली आणि गाडीच्या फाटकाला पाठ लावून उभी राहिली. रांगेतली माणसं तिला शिव्या घालू लागली.

तेवढ्यात ऑपरेटरने मशीन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

मॅनेजर त्याच्या अंगावर धावून गेला. "एका पोरीच्या आकडेमोडीवर?"

"महिनाभर मी हेच बोंबलतोय," ऑपरेटर म्हणाला. "मला अडाणी म्हणून केबिनबाहेर हाकललंत. आता हिलाही म्हणा अडाणी."