मक्याचं कोठार

स्फोट झाला त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी स्कोला सापडल्याची बातमी आली. जिथे स्फोट झाला त्या सैन्याच्या कोठाराच्या कुंपणालगत तिचं रताळ्यांचं वावर होतं. ती तिथेच होती.

तिला पुरून झाल्यावर तिचा नवरा, पाट्या रंगवणारा लोंगिनो, दाखल्यासाठी वस्तीच्या कार्यालयात गेला. सोबत शेजारीण मामा देओ, म्हणजे देओची आई, होती. कारकून किबोनाने मृत्यूचं कारण वाचून दाखवलं: वावरातला पाला पेटवताना, स्वतःच्या निष्काळजीपणाने.

"पाला?" मामा देओ उसळली. "अर्ध्या वस्तीची छपरं उडाली ती पाल्याने? शस्त्रागार फुटलं असं लिही."

"तिथे शस्त्रागार नव्हतं, मामा."

"मग काय मक्याच्या लाह्या फुटल्या?"

किबोना हसला नाही. भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या पाटीकडे त्याने बोट दाखवलं. फाटकावरून उडून ती रस्त्यात पडली होती. 'मक्याचं कोठार'.

"सैन्याच्या कागदांत हाच शब्द आहे. आपण तरी काय म्हणतो? बसवाल्याला सांगता ना, कोठारापाशी उतरव म्हणून? आणि बघा, एवढ्या आगीतून एक अक्षर गेलं नाही."

"रंगाचे दोन हात आहेत," लोंगिनो म्हणाला.

किबोनाने आवाज खाली आणला. "बाबा, मलाही कळतं. पण तिथे शस्त्रागार असं लिहिलेलं ज्याने डोळ्यांनी पाहिलंय, असा एक साक्षीदार आणा. स्कोलाचा निष्काळजीपणा मी त्याच्यासमोर खोडतो."

लोंगिनो पाटीकडे बघत राहिला. मग उठला. "उद्या येतो."

रस्त्यात मामा देओ चिडली. "तोंडात काय मका भरला होता? आणि तिच्या क्रूसावर नाव कधी घालणार? परक्यांच्या क्रूसांवर बरा हात चालतो तुमचा."

"घालतो."

बारा वर्षांपूर्वी सैन्याचा एक अधिकारी हीच पाटी त्याच्या अंगणात घेऊन आला होता. तिच्यावरचं 'शस्त्रागार' लोंगिनोनेच खरवडलं, वर मका लिहिला आणि कुणाला सांगणार नाही म्हणून कबूल केलं. वावर धरण्याआधी स्कोलाने त्याला विचारलं होतं, आत काय आहे हो? पाटी वाच की, असं तो म्हणाला होता.

साक्ष द्यायची राहिली आहे. क्रूस कोरा आहे.