रबरी वाटी
ट्रम्पेटमास्तरांचं वाद्य बोलायचं, हसायचं, चक्क शिव्या द्यायचं. कारण तुंबलेला संडास मोकळा करायच्या दांड्याची रबरी वाटी मास्तर त्याच्या तोंडावर धरायचे. अंत्यविधीला शिष्याने भावनेच्या भरात ती मास्तरांच्याच हातात ठेवली. आज शोकसभेत त्यांची धून वाजवायची, तर वाटीच नाही! आपल्यासारख्या बेसूर पोराला पंधरा वर्षं "थोडक्यात हुकलं" म्हणत घडवणाऱ्या माणसाला असा अर्धवट निरोप? शिष्य नुसता तळहातच ट्रम्पेटच्या तोंडावर धरून पाहू लागला. पहिल्या रांगेतून काकू, मास्तरांच्या पत्नी, उठल्या. पर्समधून कोरी वाटी काढत म्हणाल्या, "घे. घरात नुसत्या दांड्यांची मोळी झालीय. मी नवीन आणायचे, हे वाटी घेऊन पळायचे." "वाजवून झालं की लगेच देतो, काकू." "खबरदार परत आणलीस तर!" त्याने वाटी धरून फुंकर मारली. ट्रम्पेट थेट मास्तरांसारखं खिदळलं. काकू सवयीने ओरडल्या, "अहो, हळू! शेजारी आहेत!"